आरोपीच्या स्वतःच्या शब्दांत

"सापडलं!" देशिंगकर वकिलांनी टेबलावर अशी थाप मारली की कपातला चहा बशीत आला. "अण्णासाहेब, पोराचं नशीब जोरावर आहे तुमच्या. सापडलं बघा!"

एका हातानं ते स्कूटरच्या किल्लीनं कान कोरत होते आणि दुसऱ्या हातात माझ्या खटल्याची नक्कल होती. कान कोरून झाल्यावर त्यांनी किल्लीचं टोक निरखून पाहिलं, धोतराला पुसलं आणि तीच किल्ली कागदावर टेकवली.

"वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. "आरोपीस गुन्हा समजावून सांगितला. गुन्हा कबूल. कोर्ट उठेपर्यंत कैद व दंड."

"हे काय आहे?"

"माझी शिक्षा."

"अरे, शिक्षा नव्हे. हा शिक्का आहे, शिक्का! रबरी शिक्का. शाई फाकलीय बघ कडेला." ते खुर्चीत पुढे सरकले. "दारू पिऊन गाडी चालवली म्हणून तुला कोर्टात उभा केला. विचारलं, गुन्हा कबूल आहे का. आता कायदा काय म्हणतो? आरोपी जे बोलेल ते होता होईल तितकं त्याच्या स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यायचं. स्वतःच्या शब्दांत! 'गुन्हा कबूल' असं तू बोलतोस का कधी? घरी आई विचारते, जेवलास का, तर तू 'जेवण कबूल' म्हणतोस?"

अण्णा हसले. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच हसले असतील.

"मग सांग, त्या दिवशी तू काय म्हणाला होतास?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"आठवत नाही," मी म्हणालो.

"उत्तम!" देशिंगकर म्हणाले. "आठवत नसलेलं फार बरं. आपण आठवू."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तालुक्याचं नाव मी सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. माझं नाव मात्र सांगतो, श्रेणिक मगदूम. त्या वेळी मी सव्वीस वर्षांचा होतो आणि सहायक मोटार वाहन निरीक्षक म्हणून माझी निवड झाली होती. तीन वर्षं परीक्षा देत होतो. यादीत नाव आलं तेव्हा अण्णांनी बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, सगळ्यांना सांगितलं, साखर कारखान्यातल्या जुन्या लोकांना सांगितलं, कटिंग करणाऱ्या नाभिकालाही सांगितलं. मग चारित्र्य पडताळणीचा कागद पोलिसांकडून परत गेला, त्यावर एक ओळ होती. बावीस वर्षांचा असताना दारू पिऊन मोटारसायकल चालवल्याबद्दल दोषी. खात्याचं पत्र आलं की खुलासा सादर करा, नाहीतर निवड रद्द समजावी. मुदत दोन महिन्यांची होती.

म्हणजे रस्त्यावर उभं राहून लोकांची तोंडं हुंगायची नोकरी, आणि मीच पिऊन सापडलेला. खात्याचं चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण नोकरी मला हवी होती, अगदी जीव जाईल इतकी हवी होती. वय निघून चाललं होतं, दुसरी संधी मिळणार नव्हती.

शिक्षा कबुलीवर झालेली असली की अपील करता येत नाही असं आम्हाला दोन वकिलांनी सांगून हात वर केले होते. देशिंगकर तिसरे. त्यांनी जिल्हा न्यायालयात पुनरीक्षण अर्ज टाकायचा ठरवला. आधार एकच, की आरोपीचे शब्द लिहूनच घेतले नाहीत, नुसता शिक्का मारला.

आणि मला माझे शब्द आठवत होते. शब्द न् शब्द. आजही आठवतात.

तो बुधवार होता, आठवडी बाजाराचा दिवस. भरतेश माझा डिप्लोमाचा मित्र, त्याचा साखरपुडा त्यांच्या द्राक्षबागेत होता. वडीलधारी मंडळी मांडवात, आणि आम्ही पाचसहा जण पॅकिंगच्या शेडमध्ये खोक्यांवर बसून बाटल्या फोडत होतो. आमच्या घरात कोणी थेंबाला शिवलेलं नाही, म्हणून मला तर फारच पराक्रम वाटत होता. दुपारी साडेतीनला अण्णांची मोटारसायकल काढली. उन्हात डोकं गरगरत होतं आणि मी गाणं म्हणत होतो, हेही आठवतं. बाजाराच्या तोंडाशी एक बाई मेथीची पाटी उचलायला वाकली होती. हँडल लागलं. मी आरशात बघितलं, ती रस्त्यात बसली होती, उजवा हात डाव्या हातात धरून, आणि मेथीच्या पेंढ्या सगळीकडे पसरल्या होत्या. मी थांबलो नाही. गिअर टाकला आणि पळालो. पुढे अर्ध्या किलोमीटरवर नाकाबंदी होती, तिथं नळी तोंडाला लावली आणि सापडलो. बाईचं पोलिसांना काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

आठ दिवसांनी कोर्टाची तारीख पडली. ते आठ दिवस मी झोपलो नाही. डोळा लागला की आरसा दिसायचा.

कोर्टात चाळीसएक जणांची रांग होती. विनापरवाना, तिब्बल सीट, दारू, सगळे एकाच रांगेत. न्यायाधीश एका वकिलाशी पुढच्या तारखेवरून हुज्जत घालत होते आणि बोलता बोलता सह्या करत होते. त्यांच्या खाली टेबलाशी बेंच क्लार्क बसले होते. तोडकर त्यांचं नाव, सगळे भाऊसाहेब म्हणायचे. टक्कल, जाड भिंगाचा चष्मा, अंगठ्याला जांभळी शाई. ते नाव पुकारायचे, आरोपी 'कबूल' म्हणायचा, ठप्पकन शिक्का पडायचा, कागद वर सहीला जायचा. रांग भराभर सरकत होती.

"मगदूम श्रेणिक. प्यायला होता काय? गुन्हा कबूल आहे?"

आणि मी बोललो. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी ठरवलंही नव्हतं. "होय साहेब, प्यायलो होतो. बाजाराच्या तोंडाला एका बाईला धक्का लागला, तो माझ्याच गाडीचा. मी थांबलो नाही. तिचा हात मोडला असणार. ती कुठं आहे, कुणी सांगेल काय मला?"

न्यायाधीशांनी ऐकलं नाही. माझ्या मागच्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. तोडकर भाऊसाहेबांनी ऐकलं. त्यांनी पेन उचललं होतं, ते तसंच हातात राहिलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "नुसतं कबूल म्हण, पोरा."

मी म्हणालो, "कबूल."

ठप्प.

हे मी देशिंगकरांना सांगणार होतो का? अण्णांच्या समोर? अण्णांना दारूचं माहीत होतं. त्यांनी तेव्हा माझ्या कानाखाली वाजवली होती आणि महिनाभर बोलले नव्हते. बाईचं त्यांना माहीत नव्हतं. ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

चार दिवसांनी देशिंगकरांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा वाचून दाखवला. वाचताना ते मधूनमधून स्वतःलाच दाद देत होते.

"'अर्जदार हा सुसंस्कृत जैन कुटुंबातील असून त्यांच्या घरी सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याची परंपरा आहे.' काय? कसं आहे?"

"खरं आहे ते," अण्णा म्हणाले.

"'चातुर्मासात त्यांच्या घरी कांदादेखील आणला जात नाही. अशा कुटुंबातील मुलाने मद्यप्राशन करणे कल्पनेपलीकडचे आहे.'"

अण्णांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसायला घेतला.

"'घटनेच्या दिवशी अर्जदारास तीव्र खोकला असल्याने त्याने खोकल्याचे औषध घेतले होते. सदर औषधातील घटकांमुळे यंत्रात चुकीची नोंद झाली. अर्जदाराने न्यायालयात तसे स्पष्ट सांगितले होते की, मी प्यायलेलो नाही. परंतु संबंधित कर्मचाऱ्याने ते लिहून न घेता कबुलीचा शिक्का मारला.'"

"वकीलसाहेब," मी म्हणालो, "मी असं नव्हतो म्हणालो."

"तुला तर आठवत नाही ना?"

"नाही, पण..."

"मग असंच म्हणाला असशील! आठवत नाही म्हणतोस आणि असं म्हणालो नाही हे मात्र आठवतं?" ते अण्णांकडे वळले. "पोरगं भाबडं आहे. आता उशिराचं कारण. चार वर्षांनी का आलात म्हणून विचारतील. तुम्हाला आजार काय घालू?"

"मला कसला आजार?" अण्णा म्हणाले. "मला काही नाही."

"काहीतरी घालावं लागेल. मणका घालू? मणक्याचं बरं असतं, दिसत नाही."

मी अण्णांकडे बघितलं. तीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली होती. ऊस वाळलाय म्हणून चार क्विंटल जास्त धरा म्हणणाऱ्यांना त्यांनी हाकलून दिलं होतं, संचालकाच्या भावालासुद्धा. खोटं बोललं म्हणून लहानपणी त्यांनी मला एकदा दिवसभर उपाशी ठेवलं होतं आणि स्वतःही जेवले नव्हते. मला वाटलं, आता उठतील. कागद फाडतील, वकिलाला दोन शब्द सुनावतील, मला दंडाला धरून बाहेर काढतील. शपथेवर सांगतो, मी त्याची वाट बघत होतो. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. नोकरी गेली असती आणि दोष अण्णांचा झाला असता. बघा, त्यातही माझा हिशेब असा होता.

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मणका असू दे," ते म्हणाले. "पोराला नोकरी लागायचीय. काय लिहायचं ते लिहा, साहेब."

मला त्यांची किळस आली. बापाची किळस येणं म्हणजे काय असतं, ते मला त्या खोलीत कळलं. आणि मग मी पेन घेतलं आणि सगळ्या पानांवर सह्या केल्या, एकाही पानावर हात अडखळला नाही.

तारखेच्या दिवशी आम्ही सकाळीच जिल्ह्याच्या कोर्टात गेलो. रिक्षातून उतरताना अण्णांनी कमरेवर हात ठेवला आणि कण्हत उतरले. मी म्हणालो, "काय झालं?" तर डोळ्यांनी मला गप्प केलं. कोर्टाच्या पायऱ्या ते एकेक करत, कठड्याला धरून चढले. देशिंगकर पायऱ्यांवरच भेटले. म्हणाले, "वा अण्णासाहेब, वा! अगदी झकास!" आणि अण्णा लाजले. नव्या नवरीसारखे लाजले हो! मी नळावर जाऊन चूळ भरून आलो.

अण्णांच्या पिशवीत पेढ्यांचा पुडा होता. निकाल व्हायच्या आधीच आणलेला.

तोडकर भाऊसाहेब आत आधीच येऊन बसले होते. खालच्या कोर्टातून मूळ कागद घेऊन त्यांना बोलावलं होतं. मांडीवर लाल कापडात बांधलेलं दप्तर होतं. चार वर्षांत ते बरेच वाळले होते, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली होती. त्यांनी मला बघितलं आणि ओळखलं. मान थोडीशी हलवली, हसल्यासारखं केलं. मी मान फिरवली.

न्यायाधीश बाई होत्या. चाळिशीच्या, खणखणीत आवाजाच्या. देशिंगकरांनी सूर लावला. सूर्यास्त झाला, चातुर्मास झाला, कांदा झाला. कांद्यावर बाईंनी हात वर केला.

"वकीलसाहेब, कांदा राहू द्या. कागदाचं बोला."

कागदावर मात्र देशिंगकर खरोखर चांगले बोलले. ते मान्य करायला हवं. शब्द हा आरोपीचा असतो, तो त्याच्याकडून काढून घ्यायचा अधिकार कुणाला नाही, शिक्क्याला जीभ नसते, असं बरंच. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी मूळ कागद मागवले. तोडकरांनी दप्तर सोडलं, कागद वर दिले. बाईंनी शिक्का पाहिला आणि नाक मुरडलं. मागे एक चिठ्ठी टाचलेली होती, नाकाबंदीवरच्या यंत्रातून निघालेली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"यावर काहीच नाही."

"ती शाई उडते, मॅडम," सरकारी वकील उठून म्हणाले. "दोनतीन वर्षांत कागद कोरा होतो."

"म्हणजे तुमच्याकडे कबुलीखेरीज काही नाही."

"नाही, मॅडम."

बाईंनी मान वर केली. "अर्जदार आलेत का? पुढे या."

असं सहसा विचारत नाहीत, हे देशिंगकरांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी त्यांचाही चेहरा उतरला होता. मी पुढे गेलो.

"तुम्ही सांगा. त्या दिवशी तुम्हाला विचारलं, गुन्हा कबूल आहे का. तुम्ही काय म्हणालात? तुमच्या शब्दांत सांगा."

अण्णा पहिल्या बाकावर कमरेला हात लावून बसले होते. तोडकर भाऊसाहेब टेबलाजवळ उभे होते, माझ्यापासून दोन हातांवर. साऱ्या जगात माझे ते शब्द ऐकलेला एकच माणूस, आणि तो समोर उभा.

मी म्हणालो, "मॅडम, मी म्हणालो होतो की मी प्यायलेलो नाही, खोकल्याचं औषध घेतलंय. पण यांनी ऐकूनच घेतलं नाही. नुसतं कबूल म्हण म्हणाले आणि शिक्का मारला."

असं म्हणून मी तोडकरांकडे बोट दाखवलं. बोट दाखवायला वकिलांनी सांगितलं नव्हतं. ते माझं मी दाखवलं.

"काय हो?" बाईंनी तोडकरांना विचारलं. "काय म्हणाला होता हा मुलगा? आठवतं का?"

तोडकर माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे. राग असता तर मला सोसला असता. बाजारात एखाद्याला ओळखीचा समजून हाक मारावी आणि त्यानं वळून बघितल्यावर तो भलताच निघावा, तेव्हा माणूस बघतो ना, तसं बघत होते. माझी पाचावर धारण बसली. आता हा म्हातारा तोंड उघडणार, त्या मेथीवाल्या बाईचं सांगणार, आणि नोकरी तर सोडाच, मी इथूनच आत जाणार. मनातल्या मनात मी त्याला शिव्या घालायला लागलो. बोलू नको थेरड्या, बोलू नको.

"आठवत नाही, मॅडम," तोडकर म्हणाले.

"शब्द का लिहिले नाहीत?"

"चूक झाली."

"सर्व्हिस किती झाली तुमची?"

"एकतीस वर्षं, मॅडम. येत्या मार्चात रिटायर होतो."

"एकतीस वर्षं शिक्केच मारताय?"

"गर्दी असते, मॅडम."

"गर्दी असते म्हणून माणसाच्या तोंडात शब्द घालायचे? तुमच्या एका शिक्क्यानं या मुलाचं आयुष्य बरबाद होत होतं, कळतं का तुम्हाला?"

"चूक झाली, मॅडम," तोडकर पुन्हा म्हणाले.

अण्णा बाकावरून हळूच म्हणाले, "बरं झालं! चांगलं झापलं." ते मला ऐकू आलं, म्हणजे तोडकरांनाही ऐकू गेलं असणार.

बाईंनी तिथंच निकाल सांगितला. कबुली कायद्याप्रमाणे नोंदलेली नाही, शिक्षा रद्द. चिठ्ठी वाचता येत नाही, तेव्हा इतक्या वर्षांनी खटला पुन्हा चालवण्यात अर्थ नाही, अर्जदार निर्दोष. आणि संबंधित लिपिकाच्या हलगर्जीपणाबद्दल खुलासा मागवून योग्य ती कारवाई व्हावी. ते शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगून लिहवून घेतलं.

बाहेर झेरॉक्सच्या टपरीपाशी आलो तोवर अण्णांची कंबर बरी झाली होती. ताठ चालत होते. त्यांनी पुडा फोडला, पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. देशिंगकरांनी दोन पेढे घेतले, एक तोंडात आणि एक कोटाच्या खिशात, आणि पुढच्या केसला गेले. माझा पेढा टाळूला चिकटून बसला होता.

तेवढ्यात तोडकर दप्तर काखेत मारून पायऱ्या उतरले. अण्णांनी त्यांना हाक मारली.

"अहो भाऊसाहेब! या या. पेढा घ्या. झालं गेलं विसरा. राग मानू नका."

"राग कसला," तोडकर म्हणाले आणि पेढा घेतला. "साहेब होणार म्हणे पोरगं."

"तुमच्या आशीर्वादानं," अण्णा म्हणाले. एवढं बोलून झाल्यावर त्यांना आठवण झाली की आतल्या पट्टेवाल्याला पेढा दिला नाही. ते पुडा घेऊन लगबगीनं पायऱ्या चढून गेले.

आम्ही दोघंच उरलो. मला पळून जावंसं वाटत होतं.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," तोडकर म्हणाले. चार वर्षांपूर्वी पोरा म्हणाले होते, आता तुम्ही. "शब्द मी लिहिले नाहीत. लिहिले असते तर सरकारी वकिलांनी तिथल्या तिथं धक्क्याचं कलम लावलं असतं. पळून गेल्याचं लावलं असतं. वीसबावीस वर्षांचा पोरगा होता तुम्ही."

मी पायऱ्यांकडे बघितलं, अण्णा येताहेत का ते.

"असं मी करत नाही कधी. एकतीस वर्षांत माझ्यासमोर किती माणसं उभी राहिली असतील. सगळे विचारतात, दंड किती, गाडी कधी सुटणार, पेपरात नाव येईल काय. धडकलं त्याचं काय झालं, ते कुठं आहे, असं तुम्ही एकट्यानंच विचारलं. म्हणून मी पेन खाली ठेवलं. चूकच ती."

"भाऊसाहेब, वकिलांनी सांगितलं म्हणून..."

"असू दे की. नोकरी पाहिजेच माणसाला." त्यांनी हातातला पेढा कागदात गुंडाळला, बहुतेक घरी न्यायला. मग मान वर करून म्हणाले, "ते जाऊ दे. त्या दिवशी कोर्ट उठल्यावर मी तुम्हाला सांगितलं होतं ना, शेवंताबाई म्हणून आहे, सरकारी दवाखान्यात पडलीय, हात दोन ठिकाणी मोडलाय. दर बुधवारी भाजी मी तिच्याकडंच घ्यायचो, म्हणून मला ठाऊक. म्हटलं होतं, बाकी काही करू नको, तेवढं भेटून ये. तुम्ही हो म्हणाला होता. गेला होता ना?"

हो, सांगितलं होतं. कोर्ट उठेपर्यंत मला भिंतीकडेच्या बाकावर बसवलं होतं, आणि साडेपाचला सगळे उठल्यावर दारापाशी त्यांनी मला वॉर्डाचा नंबरही सांगितला होता. मी त्यांचा हात धरून म्हणालो होतो, आत्ताच जातो. दवाखाना कोर्टापासून चार मिनिटांवर. मी घरी गेलो. त्या रात्री मला आठ दिवसांनी पहिल्यांदा गाढ झोप लागली, कारण शिक्षा भोगून झाली होती ना! दुसऱ्या दिवशी वाटलं, उद्या जाऊ. मग बुधवारी बाजाराच्या तोंडाकडून जायचं सोडलं, लांबच्या रस्त्यानं जायला लागलो. त्याची सवय झाली.

"गेला होता ना?" तोडकरांनी पुन्हा विचारलं. त्यांच्या आवाजात अजून आशा होती, हे मला सगळ्यात असह्य झालं. माझ्यासाठी सगळ्यांसमोर बोलणी खाऊन आलेला माणूस, आणि त्याला एवढंच हवं होतं, मी एक हो म्हणावं.

"कोण दवाखान्यात?" मागून अण्णांचा आवाज आला. रिकामा पुडा हातात घेऊन ते पायऱ्या उतरत होते. "काय रे श्रेणिक? कोण बाई म्हणताहेत हे?"

मी अण्णांकडे बघितलं. मग तोडकरांकडे बघितलं.

"कुठली बाई?" मी म्हणालो. "मला काय माहीत? तुम्ही कुणाबद्दल बोलताय, भाऊसाहेब?"

तोडकरांनी दप्तर एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. मग ते अण्णांकडे वळले.

"काही नाही हो," ते म्हणाले. "माझाच घोळ झाला. दुसऱ्याच कुणाची तरी केस आठवली मला. हे ते नव्हेत."

नमस्कार केला आणि फाटकाकडे चालू लागले. मागे वळून बघितलं नाही.

अण्णा त्यांच्याकडे बघत होते. "वय झालंय," ते म्हणाले. "डोकं चालत नाही, आणि असली माणसं कोर्टात बसवतात. म्हणून तर निरपराध माणसाला त्रास होतो. काय?"

"होय, अण्णा," मी म्हणालो.